एवढे कुठं तुटले होते?

१४ डिसेंबर २०२३च्या पहाटे माझ्या कॅमेऱ्याच्या कार्डवर १,१८० फोटो होते. त्यांतल्या ३७ फोटोंत एकेक उल्का होती. बाकीच्या ११४३ फोटोंत भोर तालुक्यातलं माझं आजोळ होतं: मामाच्या घराची कौलं, भातकापणी झालेली खाचरं, उत्तरेच्या क्षितिजावर पुण्याच्या दिव्यांचा पिवळट फुगवटा आणि वर तारे. पुढच्या शनिवार-रविवारी मी त्या ३७ उल्का एका फोटोत एकत्र केल्या आणि घरच्या ग्रुपवर टाकल्या. मावश्यांनी हात जोडले, भावंडांनी आगीच्या ज्वाळा पाठवल्या, एका काकांनी विचारलं, कॅमेरा केवढ्याला घेतलास?

आजीने तो फोटो मामाच्या फोनवर पाहिला. त्या रात्री शेकोटीपाशी गोधडी गुंडाळून ती माझ्याबरोबर तासभर बसली होती. तिच्या मोजणीनुसार सहा, नाहीतर सात. मामाने फोन तिच्या कानाला लावून दिला तेव्हा ती म्हणाली, "छान आलाय गं. पण एवढे कुठं तुटले होते?"

मी तिला समजावलं की सात तासांतल्या सगळ्या उल्का एका चित्रात घेतल्यात. "म्हणजे जोडकाम," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. आजी स्वतः गोधड्या शिवते, जोडकाम हा तिच्या लेखी कौतुकाचा शब्द आहे. मला मात्र तो लागला, कारण त्या फोटोत मी एक गोष्ट केली होती जी मी कुणालाच सांगितली नव्हती. तिच्याकडे शेवटी येते. आधी उल्कावर्षावाच्या चित्रांचा इतिहास सांगते, कारण त्यानंतरचे काही महिने मी ऑफिसातून आल्यावर तोच वाचत बसले होते.

न पाहिलेल्या रात्रीचं चित्र

उल्कावर्षावाचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध चित्र तुम्ही बहुधा पाहिलं असेल. काळंपांढरं कोरीवकाम. खाली वस्ती, घाबरून वर पाहणारी माणसं, आणि आकाशातून एका जागेपासून सगळीकडे पसरणाऱ्या शेकडो तेजस्वी रेषा. उल्कांवरच्या पुस्तकांत, माहितीपटांत, वर्तमानपत्रांत ते हटकून येतं. खाली ओळ असते: सिंह राशीतला उल्कावर्षाव, १८३३.

ही रात्र खरी आहे. १२ आणि १३ नोव्हेंबर १८३३ च्या मधल्या रात्री उत्तर अमेरिकेवर उल्कांचं वादळ आलं. अंदाज वेगवेगळे आहेत, पण ऐन भरात तासाला लाखाच्या घरात उल्का पडत असाव्यात. लोक झोपेतून उठून रस्त्यावर आले. जगबुडी आली असं अनेकांना वाटलं. लाकोटा लोकांमध्ये प्रत्येक वर्षाची आठवण म्हणून एक चित्र काढून ठेवायची पद्धत होती, आणि त्यांच्या अनेक चित्रमालिकांत हे वर्ष 'तारे पडले ते वर्ष' म्हणून नोंदलेलं आहे. पुढे अभ्यासकांनी त्या मालिकांमधली बाकीची वर्षं जुळवली ती याच खुणेवरून.

त्या रात्रीचा फोटो मात्र असूच शकत नाही. दगेरची छायाचित्रणाची पद्धत जगासमोर आली १८३९ मध्ये, आणि तीही चमचमत्या दिवसाउजेडात मिनिटं मिनिटं वाट पाहायला लावणारी. मग ते प्रसिद्ध चित्र कुठून आलं? ते छापलं गेलं १८८९च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर पन्नासहून जास्त वर्षांनी, अमेरिकेतल्या ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या एका धार्मिक पुस्तकासाठी. या पंथाच्या दृष्टीने ताऱ्यांचं पडणं ही शेवटच्या काळाची खूण होती. त्यांचे एक धर्मोपदेशक जोसेफ वॅगनर यांनी तो वर्षाव स्वतः पाहिला होता. त्यांच्या आठवणीवरून कार्ल याउसलिन या स्विस चित्रकाराने चित्र काढलं आणि त्यावरून अडॉल्फ फॉल्मी यांनी ठसा कोरला. याउसलिन यांचा जन्म १८४२चा. म्हणजे ज्याने ही रात्र जगाच्या डोळ्यांसमोर कायमची उभी केली, तो ती रात्र झाली तेव्हा जन्मलाही नव्हता.

मी इंजिनिअर असल्यामुळे मला राहवलं नाही, मी हिशेब केला. तासाला एक लाख उल्का म्हणजे सेकंदाला साधारण २८. एक उल्का सरासरी अर्धा सेकंद दिसते असं धरलं, तर कुठल्याही एका क्षणी आकाशात चौदा-पंधरा उल्का असतील. काहींच्या मागे धुरासारखी रेघ थोडा वेळ रेंगाळते, म्हणून दुप्पट धरू. अंदाज चुकला असेल म्हणून आणखी दुप्पट. तरी शेकडो होत नाहीत. माणसाला माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या वादळांपैकी एकातसुद्धा, त्या चित्रातल्याएवढे तारे एका क्षणी कुणीही पाहिले नसणार. आजीचा प्रश्न १८८९ मध्येही विचारता आला असता.

तरी ते चित्र खोटं म्हणून फेकून देता येत नाही. त्यात एक गोष्ट बरोबर आहे, आणि ती समजायला त्या रात्री एका प्राध्यापकाला झोपेतून उठवावं लागलं.

एका जागेतून

येल कॉलेजात शिकवणाऱ्या डेनिसन ओल्मस्टेड यांना १३ नोव्हेंबरच्या पहाटे शेजाऱ्याने जागं केलं. त्यांनी उजाडेपर्यंत पाहिलं, आणि नंतर स्थानिक वर्तमानपत्रात आपलं निरीक्षण देऊन वाचकांना विनंती केली: तुम्ही काय पाहिलं ते कळवा. इतर वर्तमानपत्रांनी ते पुन्हा छापलं आणि ठिकठिकाणांहून पत्रं आली. आज आपण ज्याला लोकसहभागातलं विज्ञान म्हणतो त्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांत हे धरलं जातं.

त्या पत्रांमधून आणि स्वतःच्या नोंदींमधून ओल्मस्टेड यांना दिसलं की उल्का आकाशात कुठेही चमकली तरी तिची रेषा मागे वाढवली की ती सिंह राशीतल्या एका जागेपाशी जाते. मघा नक्षत्राच्या वर ताऱ्यांचा विळ्यासारखा आकार आहे, तिथे. आणि रात्र सरली तशी ती जागा ताऱ्यांबरोबर सरकली. उल्का जर हवेतलीच काही वाफ किंवा वीज असती, तर ती जागा पृथ्वीबरोबर फिरली असती, आपल्याला स्थिर दिसली असती. ती ताऱ्यांबरोबर सरकली, म्हणजे उल्का बाहेरून येत होत्या. एकमेकींना समांतर येत होत्या, आणि सरळ रस्त्याच्या दोन्ही कडा जशा लांबवर एकत्र आल्यासारख्या दिसतात, तशा त्या एका बिंदूतून फुटल्यासारख्या दिसत होत्या. या जागेला उगमबिंदू म्हणू.

याउसलिनच्या चित्रात रेषा एका जागेतून पसरतात. संख्या खोटी, भूमिती खरी.

डिसेंबरातल्या वर्षावाचा उगमबिंदू मिथुन राशीत असतो, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपैकी कॅस्टरच्या जवळ. आपल्याकडे त्या रात्री तो संध्याकाळनंतर ईशान्येला उगवतो आणि दोनच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो. ऑगस्टातल्या ययाती तारकासमूहातल्या वर्षावाचे सुंदर फोटो जगभरातून येतात, पण तेव्हा आपल्याकडे पावसाळी ढग असतात. महाराष्ट्रात राहणाऱ्याने मिथुनवरच जीव लावावा.

पहिला फोटो

उल्केचा पहिला ज्ञात फोटो प्रागमध्ये २७ नोव्हेंबर १८८५ रोजी लाडिस्लाउस वायनेक यांनी घेतला. काचेच्या पट्टीवर एक बारीकशी रेघ, बस. ती रेघ ज्या वर्षावातली होती त्याची गोष्ट मला फार आवडते. बिएला नावाचा एक धूमकेतू होता, सुमारे पावणेसात वर्षांनी परत येणारा. १८४६ मध्ये त्याचे दोन तुकडे झालेले लोकांनी पाहिले. १८५२ मध्ये ते दोन तुकडे परत आले, आणि त्यानंतर तो धूमकेतू कुणालाही कधीच दिसला नाही. मग २७ नोव्हेंबर १८७२ला, आणि पुन्हा १८८५ मध्ये त्याच तारखेला, देवयानी तारकासमूहातून तासाला हजारो उल्का पडल्या. मेलेल्या धूमकेतूच्या वाटेवरची धूळ पृथ्वीच्या वाटेत आली होती. म्हणजे आपल्याकडे असलेला पहिला उल्काफोटो हा एका अर्थी हरवलेल्या धूमकेतूच्या अस्थींचा आहे.

असल्या वादळातही वायनेकना एक रेघ मिळाली म्हणून समाधान मानावं लागलं, याचं कारण मला माझ्या कॅमेऱ्याने शिकवलं. माझी लेन्स १४ मिलिमीटरची, एक्स्पोजर २० सेकंद, आयएसओ ३२००. तारा त्या २० सेकंदांत जवळजवळ एकाच पिक्सेलवर प्रकाश टाकत बसतो. उल्का पळते. हिशेब केला तर ती एका पिक्सेलवर सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागाइतकी थांबते. म्हणून एक्स्पोजर कितीही वाढवलं तरी उल्का उजळ होत नाही, फक्त तिच्यामागचं आकाश उजळत जातं आणि ती त्यात बुडते. डोळ्यांना जी लखलखीत वाटली ती फोटोत खरचटल्यासारखी येते, ती यामुळे.

एकाच एक्स्पोजरमध्ये खूप उल्का हव्या असतील तर १८३३सारखं वादळच लागतं. तसं ते १७ नोव्हेंबर १९६६ रोजी पुन्हा आलं, सिंह राशीतूनच, आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या निरीक्षकांना सापडलं. ॲरिझोनातल्या किट पीकवरून घेतलेल्या फोटोंत एकेका चौकटीत कितीतरी रेषा विळ्यातून फुटताना दिसतात. त्यांत जोडकाम नाही. असं वादळ माणसाच्या आयुष्यात एखाद्या वेळी येतं, आणि तेव्हा तुमच्या देशात दिवस असू शकतो.

मिथुनचा वर्षाव दर वर्षी येतो आणि भरवशाचा आहे, पण अंधाऱ्या जागीसुद्धा तासाला शंभर दिसल्या तर नशीब. शंभर म्हणजे ३६ सेकंदांना एक, तीही अर्धा सेकंद. उरलेले साडेपस्तीस सेकंद आकाश नेहमीसारखंच असतं. आजी त्या साडेपस्तीस सेकंदांत शेकोटी सारखी करत होती, मामाच्या म्हशीबद्दल बोलत होती. वर्षाव पाहणं म्हणजे मुख्यतः ते.

तोडलेल्या रेषा

आता इतिहासातला तो भाग, ज्याच्यामुळे मला माझ्या फोटोची लाज वाटली.

फोटोतली उल्केची रेषा सुंदर असते, पण तिच्यावरून फारसं काही कळत नाही. कुठे सुरू झाली, कुठे संपली, बस. ती किती वेगाने गेली हे अखंड रेषा सांगत नाही. त्यावर तोडगा येलमधल्या विल्यम एल्किन यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर वापरला: कॅमेऱ्यांपुढे फिरतं चाक ठेवायचं, ज्याच्यावरचे पडदे ठरावीक वेळाने प्रकाश अडवतील. मग उल्केची रेषा तुटक येते. दोन तुटींमधला काळ माहीत असला की तुकड्याच्या लांबीवरून वेग काढता येतो.

१९३०च्या दशकात हार्वर्डमध्ये फ्रेड व्हिपल यांनी हेच काम पद्धतशीरपणे सुरू केलं. काही मैलांच्या अंतरावर दोन कॅमेरे, दोन्हींपुढे फिरती शटरं. एकच उल्का दोन ठिकाणांहून टिपली की तिची उंची कळते, तुटींवरून वेग कळतो, आणि दोन्हींवरून ती वातावरणात शिरण्याआधी सूर्याभोवती कुठल्या वाटेने फिरत होती ते काढता येतं. १९४७ मध्ये त्यांनी मिथुनच्या उल्कांची कक्षा प्रसिद्ध केली. तिने कोडंच घातलं. ते कण सूर्याभोवती फक्त दीड वर्षाच्या आसपास फेरी पूर्ण करत होते, आणि सूर्याच्या फारच जवळ जात होते. इतक्या छोट्या कक्षेचा कुठलाही धूमकेतू माहीत नव्हता. दर डिसेंबरात पडणाऱ्या या धुळीचा धनी कोण, ते कुणालाच सांगता येईना.

ऑक्टोबर १९८३ मध्ये आयरास या अवरक्त उपग्रहाच्या नोंदी तपासताना सायमन ग्रीन आणि जॉन डेव्हिस यांना एक वेगाने सरकणारा ठिपका सापडला. त्याची कक्षा निघाली. ती पाहून ही तर मिथुनच्या उल्कांची वाट आहे, असं कळवलं ते व्हिपल यांनीच. तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. तुटक रेषांवरून त्यांनी ज्या वाटेचा नकाशा काढला होता, त्या वाटेवरचा प्रवासी ३६ वर्षांनी त्यांच्या हयातीत सापडला. पाच-सहा किलोमीटरचा तो खडक सूर्यापासून सुमारे २ कोटी १० लाख किलोमीटर इतका जवळ जातो, बुधापेक्षा पुष्कळच आत. त्याला नाव मिळालं फेथॉन, ग्रीक पुराणातला सूर्याचा मुलगा, ज्याला बापाचा रथ आवरला नाही.

फेथॉन धूमकेतूसारखा धूळ उधळताना फारसा दिसत नाही, मग एवढी धूळ आली कुठून याचा वाद अजून चालू आहे. पण ती धूळ आहे, आणि तिचाही फोटो आहे. २०१८ मध्ये पार्कर सोलर प्रोब या यानाच्या कॅमेऱ्याला फेथॉनच्या कक्षेवरून जाणारा एक अतिशय मंद पट्टा दिसला. पेटलेली एकही उल्का त्यात नाही. सगळा वर्षाव पेटण्याआधी जसा असतो, तसा. मी तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला काही दिसलंच नाही. खालची माहिती वाचून परत पाहिला, मग ती फिकट रेघ दिसली. ग्रुपवर टाकला असता तर कुणी ज्वाळा पाठवल्या नसत्या.

दोन रेषा

आता माझी गोष्ट.

उल्कांचा जोडफोटो करायची एक प्रामाणिक रीत आहे. रात्रभर आकाश फिरतं, म्हणून प्रत्येक फोटो ताऱ्यांशी जुळवून मग त्यातली उल्का मूळ फोटोवर ठेवायची. म्हणजे ती ताऱ्यांच्या संदर्भात जिथे चमकली तिथेच राहते, आणि सगळ्या रेषा उगमबिंदूकडे बोट दाखवतात. काळ घडी घालून ठेवलेला असतो, पण दिशा खऱ्या असतात. जाणते लोक खाली लिहितातही: इतके तास, इतक्या उल्का. मी तसंच केलं होतं. फक्त कौलांच्या वरचा डावा कोपरा रिकामा दिसत होता. रात्री एक वाजले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीत मीटिंग होती, आणि दोन उल्का मी उचलून, जरा फिरवून, त्या कोपऱ्यात ठेवल्या. चित्र एकदम भरलं.

ओल्मस्टेडबद्दल वाचल्यावर मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. फोटोतली प्रत्येक रेषा मागे वाढवायची आणि ती कॅस्टरजवळून जाते का ते पाहायचं. ३७पैकी ३४ गेल्या. तीन चुकल्या.

दोन कुठल्या ते मला ठाऊकच होतं. १८३३ मध्ये कॅमेऱ्याशिवाय, अनोळखी लोकांच्या पत्रांवरून सापडलेल्या नियमाने माझी चोरी सरळ पकडली होती. तिसरी पाहून मात्र मी गोंधळले. ती मी हलवली नव्हती. मूळ फोटो काढून पाहिला, ती तिथेच होती, वेड्यावाकड्या दिशेने गेलेली. ती मिथुनची नव्हतीच. कुठल्याही रात्री तासाला थोड्या भटक्या उल्का पडतात, कुठल्याच वर्षावाशी नातं नसलेल्या, त्यांतली ती एक. त्यामुळे पडताळणीत ती माझ्या दोन खोट्यांच्या रांगेत उभी राहिली, आणि मूळ फोटो जपून ठेवला नसता तर मी तिलाही खोटी समजून काढून टाकलं असतं. हे मला दोन उल्का हलवण्यापेक्षाही जास्त लागलं. एखाद्या चित्रात आपण दोन गोष्टी घुसडल्या की त्यातल्या खऱ्या, पण वेगळ्या, गोष्टीवरचाही विश्वास जातो.

मी फोटो परत केला. दोन्ही उल्का त्यांच्या जागी ठेवल्या, भटकी तशीच राहू दिली. कोपरा रिकामा आहे. खाली लिहिलं: १३ डिसेंबर २०२३, रात्री ९ ते पहाटे ४, उल्का ३७, एक परकी. ग्रुपवर आधीच्या फोटोचं खरं काय तेही लिहिलं. त्यावर कुणी फारसं काही म्हणालं नाही. काकांनी अंगठा दिला.

मे महिन्यात आजोळी गेले तेव्हा दोन प्रती छापून नेल्या. एक हा फोटो, आणि एक साधी चौकट: १,१८०मधली एक, जिच्यात एकच उल्का आहे, कौलांच्या बरीच वर, बारीक. वेळ रात्री १०:१४. तेव्हा आजी माझ्या शेजारी होती. तिने चष्मा लावून दोन्ही पाहिले. जोडकामाचा फोटो मामाने ओसरीवर लावला, पाहुण्यांना दाखवायला तो बरा. दुसरा आजीने हातातच ठेवला आणि उल्केवरून अंगठा फिरवत म्हणाली, "ही बघ, ही दिसली होती. आपण दोघींनी एकदम 'गेला' म्हटलं होतं."

मला ते आठवत नाही. त्या वेळी मी बहुतेक कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहत होते. पण फोटोवर वेळ आहे, आणि आजीचं म्हणणं त्या वेळेशी जुळतं.